पान अकरा

दर गुरुवारी संध्याकाळी, व्हिन्कोव्चीत,
बंबवाल्यांच्या हॉलच्या माडीवर
आम्ही सातजण इंग्रजी शिकतो. पैशांपुरतंच.
खाली दोन लाल बंब, वर तिहाना,
सव्वीस वर्षांची,
येत्या मार्चात आयर्लंडला निघालेली.

फळ्यावर ती लिहिते : बँक.
म्हणते, नदीच्या काठालाही हाच शब्द.
खिडकीतून आमची बोसुत दिसते,
इकडून तिकडे वाहते की तिकडून इकडे,
हे इथे जन्मलेल्यांनाही सांगता येत नाही.
'माझ्या बँकेचंही तसंच,' मागून त्र्पिमिर म्हणतो.
त्यानं फ्रँकमध्ये घर घेतलं होतं.

आमचा पैसा म्हणजे कुना,
झाडावर राहणारं, लांब शेपटीचं जनावर.
आणि चिल्लर म्हणजे लिपा, चहाला फुलं देणारं झाड.
एका जानेवारीत सगळं रान मोडीत निघालं.
आता नाण्यावर कुना कोरलेला आहे, हाक मारायला नाही.

'सेव्हिंग्ज' आलं तेव्हा मला हसू फुटलं.
आमच्या भाषेत बचत आणि स्वयंपाकाची चूल
एकाच पोटच्या बहिणी.
'माझी तिथेच गेली,' मी म्हणाले, 'चुलीत.'

मग कर्ज. आमच्याकडे दुग.
लांबलचक या शब्दाचाही उच्चार जवळजवळ तोच,
त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.
इंग्रजीत 'डेट', आणि त्यात एक बी,
लिहायचा, पण उच्चारायचा नाही.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
प्रत्येक कर्जात असा एकजण असतोच
ज्याचं नाव घरात काढायचं नसतं.

हप्त्याला आम्ही राता म्हणतो.
तीच अक्षरं तशीच लिहिली की 'युद्धाचा' असंही होतं.
यागोदानं दोन्ही वहीत एकाखाली एक लिहिले,
खाली रेघ मारली, बेरीज करायची असावी तशी,
आणि बेरीज केली नाही.

कोण कशासाठी येतं ते इथे कुणी विचारत नाही.
मी का येते ते मीही सांगितलं नव्हतं.

कॉर्कहून पत्र आलं होतं, बँकेचं.
माझा भाऊ तिथे मांसाच्या कारखान्यात
नऊ वर्षं पाठीची हाडं वेगळी करायचा.
पत्रात 'डिसीज्ड' होतं.
मी शब्दकोशात पाहिलं आणि घाईत
त्याच्या शेजारचा शब्द वाचला : आजार.
त्याला पुरून आठ दिवस झाले होते, मीच माती टाकली होती,
तरी त्या एका रात्री
तो फक्त आजारी होता.
सकाळी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

एप्रिलपर्यंत मला अकाउंट येत होतं, बॅलन्स येत होतं,
'क्लोज' दोन्ही अर्थांनी येत होतं,
बंद करणं आणि जवळ असणं.
मग मी फोन केला, वही मांडीवर घेऊन.

पलीकडे एक बाई होती, सावकाश बोलणारी,
बहुधा माझ्यासारखी रोज कुणीतरी तिला भेटत असणार.
पहिल्याच वाक्यात म्हणाली,
सॉरी फॉर युअर लॉस.
लॉस मला माहीत होता. पान अकरा.
डावीकडे प्रॉफिट, उजवीकडे लॉस,
तिहानाच्या हातची दोन खांबांची तराजूसारखी आकृती.
मी घाबरले. म्हटलं, त्याच्या खात्यात काही तोटा निघाला की काय,
आता माझ्याकडून भरून घेतील.
'नो लॉस,' मी म्हणाले, 'नो लॉस, मॅडम.
ओन्ली बॅलन्स. अकराशे चाळीस.'

ती थांबली.
तारेत समुद्र ऐकू यावा इतकी थांबली.
आणि मग मला कळलं. आमच्याकडेही एकच शब्द आहे की,
किल्ली हरवली तरी तोच,
धंदा बुडाला तरी तोच.
एवढं माहीत असून मला पान अकराच दिसावं!

तिनं नाव विचारलं, एकेक अक्षर.
झेड, मी म्हणाले. डी. आर. ए.
व्ही. के. ओ.
झ्द्राव्को. आमच्याकडे त्यात निरोगी असा अर्थ असतो,
पण फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.